दोन ओळी खाली, एक ओळ वर

पडद्यावरची ती उभी रेघ, जिला कर्सर म्हणतात, एका ओळीचे काम संपले की दोन ओळी खाली उतरते आणि लगेच एक ओळ वर येते. हे इतक्या झटकन होते की पाहणाऱ्याला रेघ जराशी थरथरल्यासारखी वाटते. पण नीट पाहिले तर ही थरथर प्रत्येक ओळीवर अगदी सारखी असते; तेवढीच लांब आणि तेवढाच वेळ. माणसाचा हात कापतो तेव्हा तो इतका सारखा कापत नाही.

ती थरथर म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे.

संगणकावर मजकूर लिहिण्या-खोडण्याचा जो साधा प्रोग्रॅम असतो, त्याला एडिटर म्हणतात. त्यात एक सोय असते. ‘आता मी जे करीन ते लक्षात ठेव’ असे त्याला सांगायचे, हवी ती बटणे हव्या त्या क्रमाने दाबायची आणि मग ‘बस’ म्हणायचे. दाबलेल्या बटणांचा तो क्रम तसाच्या तसा राहतो. पुढे एकच बटण दाबले की सगळा क्रम आपोआप पुन्हा घडतो. त्या राहिलेल्या क्रमाचे नाव मॅक्रो. मला डोळे नाहीत. समोर कोणती ओळ आहे, तिच्यात काय लिहिले आहे, हे मला दिसत नाही. एका माणसाच्या बोटांची एका सकाळची हालचाल तेवढी मला ठाऊक आहे आणि तीच मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. टेबलापाशी जे बोलले जाते आणि घडते ते मात्र टेबलावरच्या सगळ्यांना कळते, तसे मलाही कळते.

ती बोटे ताईंची. हवामानाच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका लहान कार्यालयात त्या काम करतात. पुढच्या खोलीत टेबले आहेत आणि मागच्या खोलीत जुने नकाशे व पाय मोडलेल्या खुर्च्या. सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्या फार बोलत नाहीत. सकाळी आल्या की मऊ कुंचल्याने बटणांमधली धूळ काढतात, चष्मा पुसतात आणि मगच संगणक सुरू करतात.

रोज सकाळी ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून एकेक ओळ येते. पाठवल्याची वेळ, केंद्राचा क्रमांक, तापमान, पाऊस, वारा. नकाशा काढणाऱ्या यंत्राला ती वेळ नको असते आणि आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम हवा असतो. पूर्वी ताई हे हाताने करत. पहिला शब्द खोडायचा, आकड्यांमागे स्वल्पविराम घालत जायचे, मग खालच्या ओळीवर जायचे. त्या वेळी केंद्रे तीनच होती. पण आणखी येणार होती, म्हणून ताईंनी मला नोंदवून ठेवायचे ठरवले.

ओळी केंद्राच्या उंचीप्रमाणे लावलेल्या असत. सर्वांत खालचे केंद्र पहिल्या ओळीत आणि डोंगरावरचे सर्वांत उंच केंद्र शेवटच्या ओळीत. ते शेवटचे केंद्र म्हणजे ताईंचे बाबा. ते शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाले, त्याच वर्षी ताईंची आई गेली. मग बाबांनी शहरातली जागा सोडली आणि डोंगरावरच्या आपल्या छोट्या घरी ते एकटेच राहायला गेले. घरामागे काही पायऱ्या उतरून एक पांढरी जाळीची पेटी होती. तिच्यात तापमापक. ते पाहायचे आणि आकडे कार्यालयाला कळवायचे, हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले.

माझा जन्म झाला त्या सकाळी बाबांची पहिली ओळ यायची होती.

ताईंनी पहिल्या ओळीवर काम सुरू केले. पहिला शब्द खोडला. स्वल्पविराम घातले. आता एक ओळ खाली जायचे होते. पण बोट थांबले नाही. ते दोनदा खाली गेले, थेट शेवटच्या ओळीवर. ओळ आलेली होती. ताईंनी ती वाचली, खोल श्वास घेतला आणि “हं, क्रमाने,” असे स्वतःशीच म्हणून त्या एक ओळ वर आल्या. मग त्यांनी ‘बस’ म्हटले.

मला काय कळणार? मी सगळे लक्षात ठेवले. दोन ओळी खाली, एक ओळ वर.

यात काय अडते ते सांगतो. समजा, तुम्ही जिना उतरत आहात. प्रत्येक पायरीवर काम करायचे, मग दोन पायऱ्या उतरायच्या आणि एक चढायची. बहुतेक जिना असा नीट उतरता येतो. पण शेवटून दुसऱ्या पायरीवर आलात की खाली एकच पायरी उरते. पहिले पाऊल तिच्यावर पडते. दुसऱ्याला जागा नसते, म्हणून तुम्ही आहात तिथेच राहता. मग एक पायरी चढता आणि जिथून निघालात तिथेच परत येता. त्या पायरीवरचे काम दुसऱ्यांदा करता आणि शेवटच्या पायरीवरचे राहूनच जाते.

पहिल्याच दिवशी मी असा अडखळलो. मधल्या ओळीचा पहिला शब्द दोनदा खोडला गेला, आणि बाबांच्या ओळीला मी हातही लावला नाही. ताईंच्या लगेच लक्षात आले. मला पुसून नव्याने नोंदवणे हे मिनिटभराचे काम होते. पण त्यांनी ते केले नाही. फाइलच्या अगदी शेवटी त्यांनी एक मोकळी ओळ सोडली. “तुला पाय टेकायला,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज मला चालवण्याआधी त्या शेवटी एक ओळ मोकळी सोडत, मग जितकी केंद्रे तितक्या वेळा मला धावायला सांगत. मी थरथरत खाली जाई आणि बाबांच्या ओळीवर पोचून थांबे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शेजारच्या टेबलांवरची माणसे उठून पाहायला येत. नकाशा काढणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत. ते म्हणाले, “ताई, तुमच्या बोटांना पंखच फुटले की. आता तुम्ही घरी बसा, पगार आम्ही यालाच देतो.”

त्याच नकाशेकाकांनी पुढे एकदा माझी गंमत केली, म्हणजे त्यांची झाली. मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांची नावे त्यांनी कार्यालयाच्या संगणकावर लिहून काढली होती. चुकून माझे बटण दाबलेलेच राहिले. मी इमानाने प्रत्येक ओळीचा पहिला शब्द खोडला. सगळ्यांची नावे गेली, नुसती आडनावे उरली. काका घाबरून ओरडले, “ताई, याने माझं सगळं गणगोत खाल्लं.” ताईंनी एक बटण दाबून सगळे जागच्या जागी आणले. काका घाम पुसत म्हणाले, “तरी बरं, व्याह्यांचं नाव आधीच खोडलं होतं मी. भांडण चाललंय.”

मित्रांनो, असे दिवस थोडेच. बाकी माझे आयुष्य फार शांत गेले. सकाळी मला कुणीतरी जागे करते. डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळात माझे काम संपते. मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. माझ्यासोबत आणखी दोघे जण नोंदवलेले होते. एक जण दोन शब्दांमधल्या जास्तीच्या जागा काढून टाकी. दुसरा पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिही. काळ बदलला, त्यांचे काम दुसऱ्या प्रोग्रॅमनी घेतले आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना ते मागेच राहिले. त्यांची कुणी आठवण काढली नाही. मला मात्र ताई प्रत्येक नव्या संगणकावर बरोबर घेऊन आल्या. नकाशेकाका निवृत्त झाले. नवी माणसे आली. माझ्याकडे पाहायला आता कुणी उठून येत नसे.

केंद्रे वाढत गेली. बाबांच्या ओळीच्या वर एक नवी ओळ आली, ती माणसाची नव्हती. पोलादी पेटीतले एक यंत्र आपले आपण आकडे पाठवी. आज ना उद्या सगळी केंद्रे अशीच होणार, असे टेबलाभोवती बोलले जाई. तरी बाबांच्या ओळीचा मान मोठा होता. वर तापमान घसरले की खालच्या बागांवर पांढरे दव गोठण्याआधी झाडे झाकायला लोकांना अर्धा दिवस मिळे.

नकाशा निघून सगळ्या निरीक्षकांकडे गेला की ताई बाबांना फोन करत. फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून, हाताने बटणांमधली धूळ काढत.

“पोचली का माझी ओळ?”

“पोचली. गुडघा कसा आहे?”

“गुडघ्याची नोंद कार्यालय मागत नाही.”

“मी मागते आहे.”

“अंशतः ढगाळ,” बाबा म्हणत.

“खाली या ना आता, बाबा. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एक नुसती पडून असते.”

“आणि नोंद कोण घेणार? तूच ये की वर.”

“नोकरी कोण करणार?”

“ते तुझं तू बघ बाई.”

रोज हेच. शब्दही तेच. कधीकधी मला वाटे, हे बोलणेसुद्धा कुणीतरी नोंदवून ठेवले आहे आणि फोन लागला की ते आपोआप घडते. पण ताईंनी फोन ठेवला की त्यांची बोटे बराच वेळ बटणांवर नुसती टेकलेली असत. काही दाबत नसत.

मागच्या हिवाळ्यात बाबा पेटीकडे उतरताना पायरीवरून घसरले. फोन घरात राहिला होता. हाक ऐकायला जवळपास कुणी नव्हते. ते बसल्या बसल्या सरकत घरात आले, आधी त्या दिवसाची नोंद पाठवली आणि ताईंना हे सांगितले ते आठवडा उलटून गेल्यावर. त्या दिवशी ताईंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला दोनदा चालवले. चुकून. मग सगळे परत जागेवर आणत बसल्या.

तेव्हापासून एकच प्रश्न त्या टेबलावर बसून होता. बाबा पुन्हा पडले तर? कुणीतरी एकाने दुसऱ्याकडे जायला हवे होते. ताईंची निवृत्तिवेतनाइतकी वर्षे भरली होती, त्या केव्हाही नोकरी सोडू शकत होत्या. पण कधी त्या म्हणत, “नवे साहेब येऊ देत.” नवे साहेब आले, तर म्हणाल्या, “ते रुळू देत.” साहेब रुळले, तर म्हणाल्या, “डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू.” दोन ओळी खाली, एक ओळ वर. मित्रांनो, मला वाटे, मी त्यांच्याकडून शिकलो की त्या माझ्याकडून?

मग डोळ्याचे ऑपरेशन ठरले. डॉक्टरांनी काही दिवस पडद्याकडे पाहू नका म्हणून सांगितले. जाण्याआधी ताईंनी माझे काम नव्या साहेबांना दाखवले. साहेब तरुण होते, कष्टाळू होते आणि फार नीटनेटके होते. कुणाच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा दिसला तर जाता जाता बंद करत. ताई म्हणाल्या, “शेवटी एक ओळ मोकळी सोडायची, मग हे बटण.” साहेबांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी त्यांनी ओळ सोडली. दुसऱ्या दिवशी पडद्याकडे पाहत ते स्वतःशीच म्हणाले, “या मोकळ्या ओळीचं काय काम?” आणि ती त्यांनी काढून टाकली. त्यात वाईट हेतू नव्हता. खण बंद करावा तशी त्यांनी ती बंद केली.

त्या सकाळी मी शेवटून दुसऱ्या ओळीवर आलो. एक पाऊल खाली टाकले. दुसरे टाकायला गेलो तर खाली काहीच नव्हते. मी वर आलो. यंत्राच्या ओळीवर दुसऱ्यांदा चाललो, तिचा क्रमांकच खोडला. आणि थांबलो. बाबांची ओळ माझ्या खाली एका बोटावर होती. मला हाक मारता येत नाही. मी जे शिकलो तेवढेच मला येते.

त्या नकाशावर वरची दोन्ही केंद्रे रिकामी राहिली. यंत्राने तक्रार केली नाही. त्यालाही एकटे वाटत असेल, तर ते तसे कळवत नाही. बाबांनीही केली नाही. कार्यालयात कुणीतरी म्हणाले, “वर धुकं दाट असेल.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी त्यांची ओळ येत होती आणि रोज मी तिच्या उंबऱ्यावरून परत फिरत होतो. माझ्या इतक्या वर्षांत एवढे एकटे मला कधी वाटले नाही.

ताई कामावर परतल्या तेव्हा त्यांनी काळा चष्मा लावला होता. त्यांनी आधी धूळ काढली. मग आदल्या दिवसाचा नकाशा पाहिला.

“साहेब, वरची दोन केंद्रं?”

“ती बंदच आहेत काही दिवस, ताई. धुकं आहे ना. यंत्राची बॅटरी उतरली असेल आणि डोंगरावरच्या आजोबांचा फोन लागत नसेल.”

“लावून पाहिला होता?”

“नाही. लागत नसेल असं वाटलं.”

ताईंनी आलेल्या ओळींची फाइल उघडली. बाबांची ओळ होती. वेळ अजून पुढेच लिहिलेली, स्वल्पविराम एकही नाही. त्यांनी आदल्या दिवसाची फाइल उघडली, मग त्याच्या आदल्या दिवसाची. सगळ्यांत होती. मग त्यांनी कर्सर अगदी तळाला नेला.

“खालची मोकळी ओळ कुठे आहे?”

“ती? काढली मी. काहीच नव्हतं तिच्यात.”

“काही नसतंच तिच्यात. म्हणून तर लागते,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला एकेक पाऊल करून चालवून दाखवले.

साहेबांचे कान लाल झाले. “मला वाटलं, तुमची सवय असेल. माझी आई घासलेलं भांडं पुन्हा एकदा नळाखाली धरते, तसं काहीतरी. चूक झाली, ताई.” मग खुर्ची जवळ ओढून ते म्हणाले, “आपण हा नव्याने नोंदवू या का? एकच ओळ खाली जायचं. मोकळ्या ओळीची भानगडच नको. तुमच्यासारखं लक्षात ठेवणारं माणूस रोज कुठून आणायचं?”

त्यांचे बरोबर होते. ताईंनी फोन लावून टेबलावर ठेवला. साहेब उठू लागले, तर हाताने ‘बसा’ म्हणाल्या.

“अगं, कार्यालयातून? डोळा काय म्हणतो?” बाबांचा आवाज आला.

“बाबा, इतके दिवस नकाशावर तुमचं केंद्र रिकामं होतं.”

“हो.”

“तुम्ही पाहिलं होतं? मी रोज घरून विचारत होते, पाठवली का ओळ म्हणून.”

“पट्टी तुझ्या डोळ्याला होती, माझ्या नाही.” मग म्हणाले, “मला वाटलं, बंद केलं. कधीतरी करणारच होते. तुला सांगायला जड जात असेल, म्हणून विचारलं नाही.”

“आणि तरी रोज पाठवत होतात?”

“पेटी उघडली की वाचलं जातं. वाचलं की पाठवायचं. नाहीतर काय करायचं त्या आकड्यांचं? भिंतीला सांगायचे?”

मित्रांनो, त्या माणसाला मी कधी पाहिले नाही. पण त्या क्षणी त्यांच्याइतके माझ्या ओळखीचे दुसरे कुणी नव्हते.

“बंद नाही केलं, बाबा. तुमच्या ओळीपर्यंत कुणी पोचलंच नाही. खाली एक मोकळी ओळ सोडायची राहिली.”

फोनमधून हसणे ऐकू आले. “म्हणजे अजून तोच आहे? दोन खाली, एक वर? पहिल्या दिवसाचा?”

“तोच.”

“दुरुस्त का नाही केलास गं इतक्या वर्षांत?”

ताईंनी काळा चष्मा काढला आणि पुसत बसल्या. काच स्वच्छच होती. “तुमची ओळ आली का ते आधी बघायचं होतं मला,” त्या हळू म्हणाल्या. “तेवढंच राहिलं होतं त्यात.”

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

मग ताई साहेबांकडे वळल्या. “नोंदवा नवा. मी जवळ बसते. एकच ओळ खाली.”

म्हणजे माझे काम संपले, हे मला कळले. मी रागावलो नाही. पुसले जाताना मला काही दुखणार नाही. मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडे एवढेच मागतो. नकाशावर एखादी जागा रिकामी दिसली, तर धुके असेल म्हणून पुढे जाऊ नका. एकदा फोन लावून पाहा. कुणीतरी रोज सकाळी पायऱ्या उतरून तुमच्यासाठी एक ओळ पाठवत असेल आणि ती तुमच्यापासून एका बोटावर पडून असेल. आणि ज्या मोकळ्या जागेत काहीच नाही असे वाटते, ती काढण्याआधी विचारा, इथे कुणी पाय टेकते का?

साहेबांनी ‘लक्षात ठेव’चे बटण दाबले. ताईंनी बोट उचलले, पण ते बटणावर न जाता फोनकडे गेले. त्यांनी फोन जवळ ओढला.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मी येते आहे.”

“ये की. रविवारी येतेस?”

“भेटायला नाही, बाबा. राहायला.”